देवाधर्माच्या झाडांवर प्रोजेक्ट देणाऱ्या गाईड मंडळींना खुलं पत्र

समस्त गाईड, एचओडी आणि पोस्टरचे परीक्षक यांना नमस्कार,

कॉलेजच्या मुलांच्या प्रोजेक्ट-पोस्टर स्पर्धेचा सीझन आला की हॉलमध्ये फिरताना दरवर्षी तेच विषय दिसतात. मंत्रघोषाचा मेथीच्या उगवणीवर परिणाम, अग्निहोत्राच्या राखेचा पालकाच्या वाढीवर परिणाम, तुळशीभोवतीच्या हवेतला ऑक्सिजन, पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो का, वारीने मनःशांती मिळते का. मी बॉटनी शिकवते, देवळातही जाते, त्यामुळे हे पत्र कुणाच्या श्रद्धेची खिल्ली उडवायला लिहिलेलं नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अर्धे लोक इथेच वाचायचं सोडतील. आणि विषय टाकाऊ आहेत असंही माझं म्हणणं नाही. उलट यातले दोन-तीन तर इतके भारी आहेत की बॉटनी, झूलॉजी, मेडिकल आणि सायकॉलॉजी अशा चार डिपार्टमेंटांनी मिळून करावेत. माझी तक्रार एवढीच की आपण मुलांना जे प्रोजेक्ट देतो त्यात "नाही" हे उत्तर यायला जागाच ठेवत नाही. विषय देतानाच निकाल ठरलेला असतो आणि पोरं मग तीन महिने त्या निकालाकडे जाणारा रस्ता बांधत बसतात.

मेथीचंच घ्या. दोन कुंड्या, दोन्हीत तीस-तीस बिया. एकीपुढे रोज अर्धा तास गायत्री मंत्र, दुसरीपुढे काही नाही. पंधरा दिवसांनी मंत्रवाली कुंडी जास्त हिरवी, त्याचा मोबाईलवर फोटो, खाली बार ग्राफ, आणि निष्कर्षात थेट "ध्वनिलहरींमुळे पेशीविभाजन वाढते". अहो पेशी कुणी पाहिली? स्लाईड कुठाय? बरं, मंत्र म्हणणारी मुलगी अर्धा तास कुंडीपुढे बसली की तिचं लक्षही त्याच कुंडीवर असणार, माती सुकलेली दिसली की ती चमचाभर पाणी घालणार, कुंडी उजेडाकडे सरकवणार, त्यात लबाडी काही नसते, जीव लागतो माणसाचा. आणि तीस बिया म्हणजे तीस नमुने नव्हेत, कुंडी एकच आहे, तिच्या मातीत किंवा जागेत काही फरक असेल तर तो तीसही बियांना सारखाच लागणार, म्हणजे तुमच्याकडे एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक एवढाच डेटा आहे. त्यावर टी-टेस्ट लावून पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासायचं गणित) काढलेली बघितली की मला अक्षरशः घाम फुटतो.

परदेशातही हेच झालंय म्हणा. १९५०च्या दशकात अमेरिकेत फ्रँकलिन लोअर नावाचे धर्मगुरू होते, त्यांनी रोपांसाठी प्रार्थना करायची आणि वाढ मोजायची असे खूप प्रयोग केले. आपल्याकडे अण्णामलाई विद्यापीठात टी. सी. सिंग यांनी त्याच सुमाराला रोपांना संगीत ऐकवलं. दोघांचीही नावं आजच्या पोस्टरांत येतात, पण कुंड्या कुणी कशा वाटल्या आणि मोजणाऱ्याला कुठली कुंडी कुठली हे माहीत होतं का, याबद्दल पोस्टरवर चकार शब्द नसतो. आणि जगदीशचंद्र बोस तर सगळ्यांच्याच पोस्टरवर असतात, फोटोसकट. बोसांनी यंत्रं बनवली होती हो, झाडाची सूक्ष्म वाढ कित्येक पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला, झाडाचा विजेचा प्रतिसाद मोजला. झाडाला गाणं आवडतं एवढंच सांगायला त्यांचा फोटो लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मोजणाऱ्याला माहीत असण्याने काय होतं ते बघायचं तर सायकॉलॉजीवाल्यांना विचारा. रॉबर्ट रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी फोडे यांनी १९६३ साली छापलेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उंदीर दिले, काहींना सांगितलं तुमचे हुशार जातीचे, काहींना सांगितलं तुमचे ढ. उंदीर सगळे एकाच मालातले. तरी "हुशार" उंदीर भूलभुलैयात जास्त चांगले ठरले, कारण हाताळणाऱ्याची अपेक्षाच वेगळी होती. आता विचार करा, उंदरांच्या बाबतीत हे होतं तर जिथे मुलीची आजी, गाईड आणि प्रिन्सिपॉल तिघांनाही मंत्रवाली कुंडी जिंकायला हवीय तिथे काय होत असेल.

आणि गंमत बघा, झाडांना कंपनं कळतात हे खरंच आहे! हे मी कुठल्या फॉरवर्डवरून सांगत नाहीये. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात हायडी अपेल आणि रेक्स कोक्रॉफ्ट यांनी २०१४ साली दाखवलं. अळी पान कुरतडते तेव्हा पान किती हलतं ते त्यांनी लेझरने मोजलं, मग अळी काढून टाकून फक्त ती थरथर दुसऱ्या रोपाच्या पानाला दिली. रोप अरॅबिडॉप्सिसचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या नात्यातलं. नंतर खरी अळी सोडली तेव्हा ज्यांना आधी थरथर मिळाली होती त्या रोपांनी मोहरीला झणझणीतपणा देणारी जी संरक्षक रसायनं असतात ती जास्त बनवली. आता खरी मेख ऐका. त्यांनी वाऱ्याची थरथर आणि एका तुडतुड्याच्या गाण्याची थरथरही देऊन पाहिली, त्याने काहीच झालं नाही. म्हणजे नुसता आवाज आहे म्हणून झाड खूश असं नाही, झाडाला त्याच्या कामाचा आवाज कळतो. तेल अवीवमध्ये लिलाख हदानी यांच्या गटाने २०१९ला छापलं की एका जातीच्या इव्हनिंग प्रिमरोजच्या फुलाला मधमाशीच्या गुणगुणीचा आवाज ऐकवला तर तीन मिनिटांत त्याचा मकरंद जास्त गोड होतो, तीव्र उंच पट्टीच्या आवाजाने होत नाही, आणि फूल काचेच्या बरणीत झाकलं तर ते मधमाशीच्या आवाजानेही थरथरत नाही. ती बरणी बघा! अख्ख्या प्रयोगाचा जीव त्या बरणीत आहे. आपल्या पोस्टरमध्ये बरणी कुठाय?

तर मंत्राचा प्रयोग करायचाच असेल तर असा करा. एकाच पाकिटातली मेथी, तीस पेट्री प्लेट, प्रत्येकीत ओला फिल्टर पेपर आणि दहा बिया, पाणी पिपेटने मोजून. चिठ्ठ्या टाकून प्लेटांचे तीन गट करा. एकापुढे स्पीकरवर मंत्र, दुसऱ्यापुढे तेवढ्याच आवाजात आणि तेवढाच वेळ बाजारभावाच्या बातम्या, तिसऱ्यापुढे स्पीकर चालू पण आवाज बंद, कारण स्पीकर गरम होतो आणि त्या उबेनेही बी लवकर फुटू शकतं. गट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवाल तर रोज खोल्या बदला, नाहीतर तुम्ही मंत्राऐवजी खोली मोजून बसाल. चौथ्या दिवशी मुळाची लांबी दोऱ्याने मोजायला केमिस्ट्रीतला कुणीतरी बोलवा, ज्याला कुठली प्लेट कुठली हे माहीत नाही. आणि काही फरक नाही आला तर पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहा, फरक आढळला नाही. परीक्षकांनो, अशा पोस्टरला पहिलं बक्षीस द्यायची हिंमत दाखवा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

पिंपळाबद्दल मात्र मला थोडं चिडूनच बोलावं लागणार. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन येतो पाण्याच्या रेणूतून आणि तो रेणू फोडायला उजेड लागतो, हे आपण अकरावीत शिकवतो आणि तेच शिकवणारे आपण पोस्टरखाली सही करतो की पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो. मग कुणीतरी म्हणतं की मॅडम कॅम वनस्पती असतात ना. असतात, निवडुंग आहे, घायपात आहे, पानफुटी आहे. त्या रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साईड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच. यातली पानफुटीची गोष्ट तर भारतातलीच आहे, बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने इथे असताना पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर आंबट, दुपारी बेचव, आणि हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. हे पोरांकडून करून घ्या की! गच्चीवरची पानफुटी, सकाळी सहाला आणि दुपारी दोनला पानाचा रस काढायचा, फिनॉल्फ्थॅलीन घालून टायट्रेशन करायचं, म्हणजे थेंबाथेंबाने अल्कली घालून आम्ल किती ते मोजायचं, ब्युरेटच्या रीडिंगमध्ये आम्ल चक्क उतरलेलं दिसतं. शेजारी पिंपळाचं पान घेऊन तेच करा आणि दोन्ही आकडे मांडा. पिंपळाला पूज्य व्हायला रात्रीच्या ऑक्सिजनची गरज कधीच नव्हती, ही गरज आपण त्याच्यावर लादलीय.

आता औषधाकडे येते, कारण इथे मेथीसारखं हसून सोडता येत नाही. कोविडमध्ये घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. २०२०च्या शेवटी मुंबईतल्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा पेशंट आले जे गुळवेल घेत होते, त्यांचा अहवाल २०२१ला छापून आला. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं आलं की पेशंटने नेमकी कुठली वनस्पती घेतली ते तपासलेलंच नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, वनस्पतीशास्त्रज्ञाला विचारायला हवं होतं. मग २०२२ला देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला, त्यातही बऱ्याच जणांचं यकृत ऑटोइम्यून आजारासारखं सुजलेलं होतं. म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायला घेतलेल्या गोष्टीने, निदान काही लोकांत, तीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या यकृतावर उलटवली असावी असं दिसतं. गुळवेल विष आहे असं मी म्हणत नाहीये, लाखो लोकांनी घेतली आणि त्यांना काही झालं नाही. पण "वनस्पतीशास्त्रज्ञाला विचारा" हे वाक्य वाचून मी खुर्चीतच सरसावून बसले, कारण या सगळ्या भांडणात आपलं काम नेमकं तेवढंच आहे आणि ते आपण करत नाही. दरवर्षी गुळवेल, अश्वगंधा, शतावरीवर किती प्रोजेक्ट होतात आणि त्यातल्या किती जणांकडे हर्बेरियम शीट असते? विचारलं की उत्तर येतं, मॅडम काष्ठौषधीच्या दुकानातून आणली. दुकानातली पूड म्हणजे कोण? फुलासकट फांदी दाबून, वाळवून, शीटवर चिकटवून, जागा आणि तारीख लिहून ती पुण्यात बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) पश्चिम विभागात नाहीतर मुंबईत ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळखून घ्यायची, एवढं केल्याशिवाय अर्क काढायला घेऊच नये. ही शीट नसली तर पुढची सगळी एचपीएलसी (अर्कातली रसायनं वेगळी करून मोजायची चाचणी) आणि उंदरांचे रिपोर्ट कुठल्या झाडाचे हे देवालाच ठाऊक.

आणि परंपरेतल्या झाडाचं खरं सोनं कसं होतं याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे, ते पोरांना का सांगत नाही आपण? सर्पगंधा. १९३१ साली सेन आणि बोस (हे बोस वेगळे, क्रेस्कोग्राफवाले नव्हेत) यांनी ती वेड आणि रक्तदाबावर वापरून लिहिलं होतं, पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० पेशंटवरचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ला तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं निघालं, नंतर मनोरुग्णांवरही वापरलं गेलं. पण त्याच गोळीने काही पेशंट उदास होतात हेही डॉक्टरांनी लिहून ठेवलं, लपवलं नाही, पूर्वजांचा अपमान होईल म्हणून गप्प बसले नाहीत.

सायकॉलॉजीच्या सर-मॅडमना माझं जरा वेगळं सांगणं आहे. तुमच्याकडे सगळ्यात चांगला माल आहे आणि तुम्ही तो आम्हाला देत नाही. श्रद्धेचं विज्ञान म्हटलं की आम्ही झाडात आणि राखेत शोधतो, ते असतं तुमच्या प्रश्नावलीत. एकच अंक सांगते, ब्रिटिश मेडिकल जर्नलचा डिसेंबर २००१चा ख्रिसमस अंक. त्यात एकामागोमाग एक दोन पेपर आहेत. पहिला इटलीच्या लुचियानो बर्नार्दी यांचा, २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली आवे मारिया ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि योगातला एक मंत्र म्हणायला लावला, दोन्हींत श्वास मिनिटाला जवळपास सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. दोन धर्म, दोन भाषा, श्वास एकच. दुसरा पेपर इस्रायलच्या लिओनार्ड लायबोविची यांचा. १९९० ते १९९६मध्ये रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३३९३ पेशंटची यादी घेतली, २००० साली म्हणजे ते बरे होऊन किंवा मरून गेल्यावर चिठ्ठी टाकून त्यातल्या अर्ध्यांसाठी प्रार्थना केली, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांचा ताप आणि हॉस्पिटलमधला मुक्काम कमी निघाला! म्हणजे प्रार्थना काळात मागे जाऊन लागू पडली. तो चिमटा होता हो, ज्या गोष्टीला काही आगापिछा नाही तिच्यावर उगाच ट्रायल चालवली तरी आकडे कधीकधी "सिग्निफिकंट" येतात हे दाखवायला काढलेला. आणि तो पेपर लोकांनी गंभीरपणे पुरावा म्हणून वापरला, आपल्याकडच्या पोस्टरच्या रेफरन्समध्येही तो मी पाहिलाय, तेव्हा हसावं की रडावं कळेना.

प्रार्थनेची खरी मोठी ट्रायल २००६ला आली, हर्बर्ट बेन्सन यांची, अमेरिकेतली सहा हॉस्पिटलं, बायपासचे १८०२ पेशंट. ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी प्रार्थना केली पण तसं त्यांना नक्की माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी नाही केली त्यांच्यात ५१. आणि ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे त्यांच्यात ५९! आता याने देव नाही असं सिद्ध होत नाही, ट्रायलने तसलं काही सिद्ध होतच नसतं. पण "आपल्यासाठी लोकांना प्रार्थना करावी लागतेय" हे ऐकून पेशंटला धसका बसला असेल का, हा प्रश्न एकदम तुमचा आहे. आपल्याकडे आयसीयूबाहेर महामृत्युंजयाचा जप सुरू झाला की आत पडलेल्या आजोबांना काय वाटतं हे कुणी विचारलंय? केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी साधारण असंच विचारलं होतं, ५५च्या पुढच्या ५९६ आजारी लोकांना. देवाने मला सोडलं, देव मला शिक्षा करतोय, असं ज्यांना वाटत होतं त्यांचं पुढच्या दोन वर्षांत मरण्याचं प्रमाण जास्त निघालं, हे २००१ला छापलंय. कीर्तनकार, पुजारी, डॉक्टर तिघांच्याही कामाची गोष्ट आहे ही, आणि मराठीत तिच्याबद्दल मी कुठे चार ओळी वाचलेल्या नाहीत.

वारीचंही तसंच. वारकऱ्यांना पंढरपुरात गाठून "तुम्हाला शांत वाटतंय का" विचारलं तर ते हो म्हणणारच, पांडुरंगाच्या दारात कोण नाही म्हणेल. प्रयागच्या माघमेळ्याचा २०१२चा अभ्यास बघा, श्रुती तिवारी आणि मंडळींचा, महिनाभर गंगेकाठी थंडीत राहणारे ४१६ कल्पवासी आणि सोबत न गेलेले १२७ जण, दोघांनाही मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर प्रश्न विचारले, आणि जाऊन आलेल्यांची तब्येत आणि मन खरंच जास्त बरं निघालं. गर्दी, गोंगाट, थंडी, अस्वच्छता सगळं असून. हे झालं श्रद्धेच्या बाजूने उभं राहणारं संशोधन आणि ते मजबूत का आहे तर घरी राहिलेल्या १२७ जणांमुळे. आळंदी ते पंढरपूर हे कुणीतरी करा. वैशाखात गावात जाऊन फॉर्म भरून घ्या, घरी थांबणाऱ्या जावेचाही घ्या, आणि श्रावणात परत जा.

बर्नार्दींचं तर एका खोलीत होईल. वीस मुलं, हरिपाठाचे अभंग चालीत म्हणायचे, मग तेच नुसते वाचायचे, मग त्याच चालीत तेवीस-चोवीसचे पाढे म्हणायचे. श्वास मोजायला छातीकडे बघणारा एक मित्र आणि घड्याळ पुरतं. पाढ्यांनीही श्वास तेवढाच उतरला तर लय काम करतेय, नाही उतरला तर विचार करायला काहीतरी सापडलं. फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि मराठी विभाग, तिघांना मिळून करता येईल. फक्त स्पर्धेच्या फॉर्ममध्ये विषयाची कॅटेगरी एकच निवडता येते, तेवढं काहीतरी करा बुवा.

श्रद्धेला पुरावा न मागता तिला कारण म्हणून मोजायचं असतं हे वनस्पतीशास्त्रज्ञ व. द. वर्तक आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलंय. सह्याद्रीतल्या देवराया फिरून त्यांनी लिहिलं, देवीच्या धाकाने माणसं काडी उचलत नाहीत म्हणून तिथे झाडांच्या जाती टिकल्या. देवी आहे का, या भानगडीत पडायची गरजच पडली नाही. धाक आहे, जंगल आहे, दोन्ही मोजता येतात.

शेवटी माझ्याकडचा एक विषय फुकट देते. दसऱ्याला सोनं म्हणून जी पानं विकतात त्यातली बरीच आपट्याची नसतात, कांचनाची असतात. पान दोघांचंही दुभंगलेलं, पण आपट्याचं लहान, जाड, खालून लवदार, कांचनाचं मोठं आणि पातळ. बाजारातल्या पन्नास विक्रेत्यांकडून एकेक जुडी घ्यायची, ओळखायची, टक्केवारी काढायची, एवढं आम्ही करतो. पण घेणाऱ्याला सांगितलं की हा कांचन आहे, तर तो पान परत देईल, की "भावना महत्त्वाची" म्हणेल, आणि कोण काय म्हणतं ते कशावर ठरतं, हे आम्हाला जमणार नाही, तिथे सायकॉलॉजीवालं कुणीतरी लागेल. प्रश्नावली ऑगस्टपर्यंत तयार हवी कारण पानं बाजारात जेमतेम दोन-तीन दिवस असतात आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नुसता पाचोळा. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या एचओडीमार्फत कळवा, शीट आणि पानं दाबायची प्रेस आमच्याकडे आहेत.

तुमचीच,
बॉटनीच्या मॅडम